चपला घालायचं काम

बाहेरगावचे पाहुणे विचारतात, तुमच्या संभाजीनगरात बघण्यासारखं काय? मी बोटांवर मोजून सांगतो : मकबरा, पाणचक्की, जुने दरवाजे. बघायला माणूस एकटाही चालतो. पण या गावात करण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे गुलमंडीच्या बाजारात साडी घेणं, आणि ते काम दोघांचं आहे.

आमची पद्धत ठरलेली होती. बायको गादीवर बसून ढीगभर साड्या उलगडायला लावायची आणि एखादी मनात भरली की नाक मुरडायची. भाव ऐकला की मी ताडकन उठायचो, "चल, लुटायला बसलेत हे" म्हणत चपला घालून बाहेर पायरीवर उभा राहायचो. चपला घालणं एवढंच माझं काम. पुढचं आत ती बघायची. थोड्या वेळानं माझ्यासाठी बाहेर चहा यायचा, मग पिशवी घेऊन ती. चहा आला म्हणजे दुकानदार नमला, असं मी धरून चालायचो. तीस वर्षं मी स्वतःला मोठा नट समजत आलो.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. भाचीला लग्नात साडी तिनंच कबूल केली होती, म्हणून परवा एकटाच गेलो. तेच दुकान, तेच म्हातारे दुकानदार. एक मोरपंखी साडी निघाली, ती तिनं नक्की घेतली असती. भाव ऐकला, सवयीनं उठलो, चपला घातल्या, पायरीवर आलो.

आणि उभा राहिलो. आत बोलायला कोणी नव्हतंच. मागं दुकानदार साडीची घडी घालू लागले होते. इतकं एकटं मला स्मशानातून परतलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मुकाट्यानं चपला काढून परत गादीवर बसलो. "बांधा," म्हणालो. पण राहवेना. "मी बाहेर गेल्यावर ही काय म्हणायची हो तुम्हाला?"

त्यांचे हात थांबले. "भावाचं काहीच नाय बोलायच्या, साहेब. म्हणायच्या, तुम्ही सांगितला तोच भाव घ्या, पण आधी ह्यांना चहा पाठवा. उन्हात उभे हायेत. चहाचे पैसेबी त्याच द्यायच्या."

मग त्यांनी विचारलं, "मागवू का चहा?"

मी हो म्हणालो आणि पेला घेऊन पायरीवर गेलो. दर वेळी चहा संपेपर्यंत ती यायची. पेला रिकामा झाला तरी मी बराच वेळ तिथंच उभा होतो.