बडनेऱ्याची टाचणी

पप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या पर्समध्ये माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स होती. रविवारी बडनेऱ्याला नेऊन त्यांना दाखवायची होती. ते गुरुवारीच गेले. आता दीड महिना झाला.

पप्पा रेल्वेत गार्ड होते. त्यांचे पणजोबा स्कॉटलंडहून इंजिन चालवायला आले, इथल्याच मुलीशी लग्न करून इथलेच झाले. त्यांच्याकडून आमच्याकडे आलं ते फक्त बॅक्स्टर हे आडनाव. निवृत्तीनंतर पप्पांनी त्याचा पिच्छाच पुरवला. बॅक्स्टर म्हणजे मुळात पाव भाजणारी बाई, पुढे तो शब्द पुरुषांनाही लागला, हे ते दूधवाल्यालाही सांगत. जेवणाच्या खोलीत जगाचा नकाशा होता. जिथे बॅक्स्टर राहतो याचा कागद हाती आला, की तो पुराव्यांच्या वहीत चिकटवायचा आणि तिथे लाल टाचणी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला दाटी, इंग्लंडच्या उत्तरेला बऱ्याच, मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया... आणि वऱ्हाडात दोनच. बडनेऱ्याला ते, अकोल्याला मी, शाळेत गणित शिकवणारी. दोन्ही टाचण्यांची डोकी एकमेकांना टेकायची.

इंगळ्यांकडे माझं लग्न झालं, त्याच संध्याकाळी त्यांनी अकोल्याची टाचणी काढली. मुलीचं आडनाव बदलतंच, यात विचारायचं काय! पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा नकाशावरचं भोक दिसलं. राग आला. खरं तर मी नाव बदललंच नव्हतं. कचेरीत खेटे घालायला वेळ कोणाला होता? शाळेत सगळे इंगळे बाई म्हणतात, कागदावर मी बॅक्स्टरच आहे.

शेवटच्या रविवारी पप्पा म्हणाले, "मी गेलो का बडनेऱ्याची टाचणी काढून टाकजो. खोटा नकाशा नको. मंग वऱ्हाडात आपलं कोणीच नाही."

"मी आहे ना. कागदावर अजून बॅक्स्टरच आहे मी."

त्यांनी चष्मा काढला. "बावीस वर्षं... काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं काय? भाजणाऱ्या बाईचं नाव गावभर मिरवता, अन् घरच्या बाईची टाचणी काढता!"

हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पुराव्यांची वही ओढली. "कागद आण. बिना कागदाची टाचणी पोटच्या पोरीलेही लावत नाही मी."

घर आवरायला गेले तेव्हा ती वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात 'अकोला' लिहिलेलं, खाली झेरॉक्सएवढी जागा कोरी सोडलेली. मी डिंक शोधला, कागद चिकटवला. सांगितल्याप्रमाणे बडनेऱ्याची टाचणी काढली आणि तीच अकोल्याला लावली. भोक जुनं, सैल झालेलं... टाचणी कलली. ती उपसली, केसभर बाजूला नवीन जागी धरली आणि अंगठ्याने पार भिंतीपर्यंत दाबली.