नत्थूजींचा शर्यतीचा कप

कोराडीच्या वीजकेंद्रातले फिटर नत्थूजी थापा मारतात, यावर अख्ख्या कॉलनीचं एकमत होतं. थाप एकच, पण चाळीस वर्षं चाललेली. सतरा वर्षांचे असताना म्हणे ते गोऱ्या साहेबाच्या शर्यतीच्या गाडीत मेकॅनिक म्हणून बसले, इंजिनाला पेट्रोल पोचत राहावं म्हणून टाकीत हातपंपानं हवा मारत राहिले आणि सावनेरच्या रस्त्यावर गाडी पहिली आली! पुरावा म्हणून साहेबानं दिलेला चांदीच्या मुलाम्याचा कप होता. त्यावर अर्धवट झिजलेल्या इंग्रजी अक्षरांत साल, साहेबाचं नाव आणि खाली ‘नत्थू’.

“जुन्या बाजारातला गडवा हाय तो,” त्यांची बायको गोपिकाबाई येईल त्याला सांगायची. घरचंच माणूस असं म्हणतं म्हटल्यावर बाहेरच्यांना काय बोलणार? कपात ती चमचे ठेवायची. दसऱ्याला भांडी घासायला काढली की नत्थूजी तिच्या डोक्यावर उभे. “अवं, अक्षराच्या बाजूले हात नको लावू वं!”

सत्याहत्तर साली पुण्याच्या मनोहररावांचं पत्र आलं. शर्यतींच्या जुन्या वस्तू जमवणारा माणूस. कपाबद्दल कुठूनसं ऐकून ते तो बघायला येणार होते. खरा निघाला तर आपल्या पुस्तकात त्याचा फोटो आणि खाली ‘मेकॅनिक नत्थू’ असं छापणार होते. नत्थूजी वर्षभरात रिटायर व्हायचे होते. त्याआधी कॉलनीची तोंडं बंद व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा. नवा सदरा घालून ते पाहुण्याला आणायला नागपूरच्या स्टेशनवर गेले.

इकडे गोपिकाबाईला वाटलं, पुण्याचा पाहुणा. त्याच्यापुढे काळपट भांडं ठेवून घराची लाज काढायची का? भांडी घासायला वीजकेंद्रातली कोळशाची राख, तिचा तिथल्या बायकांना कोण अभिमान! राख, चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन ती तासभर घासत बसली. दोन्ही बाजूंनी.

पाहुण्याला घेऊन घरी आल्यावर नत्थूजींनी कप उचलला. मुलामा गेला होता, आतलं पितळ लखलखत होतं, आणि अक्षरांचं नावनिशाण नव्हतं.

मनोहररावांनी भिंगातून फिरवून फिरवून पाहिलं. “यावर काहीच नाही हो. हा शर्यतीचा कप आहे, हे कशावरून मानायचं?”

नत्थूजी त्यांच्या हातातला कप घेऊन बोटांनी अक्षरं चाचपत बसले. ते गोपिकाबाईला बघवेना. पदर खोचून ती पुढे झाली.

“काहून नाही? अक्षरं होती! म्याच घासली ना या हातानं. तीन ओळी होत्या, खालची लहान. आमचे हे गाडीत बसले, पंप मारला, पहिले आले!”

कॉलनी दारात जमली होती. हसायची कुणाची छाती झाली नाही.

“बाई, तुम्ही ती वाचली होती का?”

“मले वाचता नाही येत. पण माहा माणूस खोटं नाही बोलत.”

मनोहररावांनी चहा घेतला, भिंग पिशवीत टाकलं आणि गेले. फोटो नाही, पुस्तक नाही, काही नाही. पाहुणा केव्हा गेला हेही नत्थूजींना कळलं नाही. ते बायकोकडे बघत होते.

“मंग गाडीत तुमाले भेव नाही वाटलं?” तिनं विचारलं. तीस वर्षांच्या संसारात शर्यतीबद्दल तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

“लय वाटलं वं,” नत्थूजी म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.