सुभानपुऱ्याचं सीप्लेन

विमानाने जग पाहून आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांचे फोटोही सोसले आहेत. पण बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या आपल्या मागच्या खोलीतून न हलता पृथ्वीवरच्या यच्चयावत तळ्यांत उतरलेला गृहस्थ एकच असावा, आणि तो नेमका माझा व्याही निघावा, याला माझ्या मुलीची पसंती जबाबदार आहे. व्याहीबुवा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच सुमारास त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, कॅनडाहून येऊन संगणकावर विमान चालवायचा खेळ बसवून दिला. घड्याळ अजून खोक्यातच आहे.

‘खेळ’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. मोठ्या विमानांबद्दल त्यांना फक्त कीव आहे. ‘हवेतल्या लक्झरी बसा त्या. सिमेंटच्या पट्टीवर काय, कोणीही उतरेल,’ असं ते म्हणतात. त्यांची विमानं नदीतल्या गोट्यांवर, बर्फावर, रानात झाडं तोडून केलेल्या अंगणाएवढ्या जागेत उतरणारी. त्यांतलं लाडकं म्हणजे पिवळं सीप्लेन, चाकांच्या जागी दोन होड्या घालून पाण्यावर बसणारं. आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींत प्रत्येकाचे पणजोबा संस्थानात कोणीतरी होते आणि लग्नाच्या पंगतीत ते जिलबीच्या आधी वाढले जातात. व्याहीबुवांचेही होते. पण पंगतीत ते शेजाऱ्याला सांगतात ती फक्त वाऱ्याची दिशा.

खोलीत शिरताना ते केस विंचरतात आणि बूट घालतात. घरात बाहेरची पादत्राणं विहीणबाईंना चालत नाहीत, म्हणून हे बूट आजवर बाहेरच्या जमिनीला लागलेले नाहीत. तीन तासांचं उड्डाण असेल तर ते तीन तास बसतात. थर्मासमधला चहा पितात आणि बाथरूमला उतरल्यावरच जातात. दरम्यान कोणी आलं तर विहीणबाई कंटाळलेल्या आवाजात ‘ते अलास्कात आहेत’ एवढंच सांगतात. सोसायटीच्या सेक्रेटरींचा अजून समज आहे की यांचा तिकडे काहीतरी धंदा आहे. शेजारच्या खुर्चीवर पाहुणा बसला तर त्याचं वजन संगणकाला कळवावं लागतं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा त्यांनी गंभीरपणे माझं वजन विचारलं. व्याह्याने व्याह्याला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. मी थोडं कमी सांगितलं, आणि विमान पाण्यावरून उठायला वेळ लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. विहीणबाई तर त्या खुर्चीवर कधी बसल्याच नव्हत्या. ‘घर कोण उडवणार?’ असं त्या विचारत.

या गृहस्थांनी खऱ्या विमानात पाऊल ठेवलेलं नाही, आणि आता ठेवताही येणार नाही. त्यांच्या फुप्फुसांकडे पाहून डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला आहे. आमची नात तिकडे कॅनडात, चार वर्षांची. म्हणून दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारी संध्याकाळी, व्याहीबुवा तिच्या घराजवळच्या तळ्यात विमान उतरवतात. आणि त्याच वेळी मुलगा तिला खऱ्या तळ्याच्या लाकडी धक्क्यावर नेऊन उभी करतो. आबा पाण्यावरून येतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी दरवर्षी अंग आंबवून खरोखरचा तिथे जातो. मला ती शहाण्यासारखा नमस्कार करते. धक्क्यावर आणायला जाते ती यांना.

मागच्या महिन्यात एका शनिवारी त्यांना सुरसागरात उतरायची लहर आली. तेच विमान कॅनडातून बडोद्यात आणून उभं करायची एवढी एक सवलत ते संगणकाला देतात. मी शेजारी होतो. पडद्यावर सुरसागर अगदी मोकळा दिसत होता. तळ्याच्या मधोमध उभे असलेले उंच महादेव हा खेळ बनवणाऱ्या परदेशी मंडळींनी काढलेलेच नव्हते. मी म्हटलं, उतरा सरळ. ते म्हणाले, ‘सरळ कसं? महादेव आहेत तिथे.’ आणि न दिसणाऱ्या महादेवांना वळसा घालू लागले. आता महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत, अर्ध्यावरून मागे फिरतात. व्याहीबुवांनी अर्ध्यावरून विमान गर्रकन मागे वळवलं, आणि वळल्यावर रीतीप्रमाणे डोळे मिटून दोन्ही हात जोडले. महादेव पावले असतील. विमान नाकावर सुरसागरात गेलं.

त्यांचा नियम असा की विमान पडलं की पंधरवडाभर दुरुस्तीला. खोलीला कुलूप, किल्ली विहीणबाईंकडे. त्या पंधरवड्यात घरातले नळ आणि पंखे दुरुस्त होतात, त्यामुळे नियमाला त्यांचाही पाठिंबा असतो. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता.

सकाळी मी गेलो तेव्हा व्याहीबुवा फोन हातात घेऊन बसले होते. विमान बिघडलंय असं त्यांनी मुलाला कळवलं होतं. तो म्हणाला होता की तुम्हीच सांगा तिला, ती गमबूट घालून केव्हाची गाडीत जाऊन बसली आहे. मी म्हटलं, नियम तुमचाच आहे, मोडा. ते म्हणाले, पडलेल्या विमानात बसून नातीकडे जायचं? 

विहीणबाई बटाट्याचा लीलो चिवडा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताटली खाली ठेवली, कमरेची किल्ली काढली आणि ओट्यावरचं फडकं घेऊन खोलीत गेल्या. थोड्या वेळाने दारात आल्या.

‘बघितलं मी. काही झालेलं नाही त्याला. पाणी गेलं होतं थोडं, पुसलं.’

व्याहीबुवांनी मान वर केली. ‘डावा पंख?’

‘तोही पुसला.’

‘आणि वर गेल्यावर काही झालं तर जबाबदारी कोणाची?’

‘मी बसते ना शेजारी. चालो, बेसो हवे, बसा आता.’

त्यांनी बूट घातले. विहीणबाई पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या. वजनाच्या रकान्यापाशी व्याहीबुवा क्षणभर थांबले, आणि काहीही न विचारता लग्नातलं असावं असं वजन त्यांनी लिहून टाकलं. मी मागे स्टुलावर बसलो. माझं या वेळी खरं सांगितलं.

डोंगर ओलांडून तळं दिसलं. विमान पाण्याला टेकलं, दोन पांढऱ्या रेघा ओढत धक्क्याकडे निघालं, आणि बऱ्याच अलीकडे त्यांनी इंजिन बंद केलं. मी म्हटलं, धक्का मोकळा आहे, न्या की अजून पुढे.

‘मोकळा कुठला?’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘टोकाशी उभी आहे ती. पंखा फिरतोय.’

पंखा थांबला. विमान आपोआप, संथ, धक्क्याकडे सरकत राहिलं. टेबलावरच्या फोनमध्ये लाल गमबूट घातलेली आमची नात रिकाम्या पाण्याकडे दोन्ही हात पुढे करून ‘आबा, दोरी टाका’ म्हणत होती.

आणि विहीणबाईंनी, होडीतून उतरताना सावरतात तशा, खुर्चीत बसल्या बसल्या निऱ्या वर उचलून धरल्या.