काकांच्या वहीतली वांड पोरं

रविवारचं जेवण झालं की डॉक्टर देवधरकाका कोपरापर्यंत हात धुवायचे, ऑपरेशनला निघाल्यासारखे, आणि कपाटातून जाड वह्या काढायचे. वह्यांमध्ये जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांतली कॉमिक्सच्या चित्रपट्ट्यांची पानं चिकटवलेली. लीड्समध्ये आमचं घर त्यांच्या शेजारीच होतं. ऐंशीच्या दशकात मी आणि त्यांची नंदिनी, दोघी दहा वर्षांच्या, गालिच्यावर बसून ती पानं बघायचो. हात मात्र लावायचा नाही.

सगळी पानं वांड पोरांची. कुणी मास्तरांच्या खुर्चीला डिंक फासतंय, कुणी आत्याबाईंच्या झग्याला बकरी बांधतंय. शेवटच्या चौकटीत चोप. काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. "पोरं असावीत तर अशी, बेरड!" म्हणायचे आणि त्याच दमात, "नंदिनी, पाठ सरळ!" मला वाटायचं, काय मजेशीर बाप मिळालाय हिला!

एकदा नंदिनीनं स्वतःच तसं पान काढलं. सोफ्यावर घोरणाऱ्या काकांना वेण्यांवाल्या दोन मुली बँडेजनं गुंडाळतात. तिच्या शेवटच्या चौकटीत मार नव्हता. गुंडाळलेले काका खदखदून हसत होते.

"डॅडींना नको दाखवू हं, प्लीज. ही विल गो मॅड," ती म्हणाली.

मी शहाणीनं काकांच्या वाढदिवशी ते गुपचूप वहीत सरकवलं.

काका हसले नाहीत. "हे इथे कुणी ठेवलं?"

नंदिनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच काढलं. मीच ठेवलं."

त्यांनी तिच्याच हातानं तिला ते फाडायला लावलं, एकेक चौकट. "बापाची टिंगल? इथल्या पोरांचे गुण लागलेत तुला!" सप्टेंबरात तिची रवानगी बोर्डिंग स्कूलमध्ये झाली. नंतर ती घरी पाहुण्यासारखी यायची, पुढे तेही थांबलं. चित्रं तर कायमचीच सुटली. त्या माणसाचा मला अजून राग येतो. त्याहून जास्त स्वतःचा.

नव्वदचं दशक संपता संपता काका हॉस्पिटलात अखेरचे दिवस काढत होते. नंदिनीला फोन गेले. ती आली नाही. मी रोज जाऊन सूप भरवायचे. आज खरं सांगायचंच, असं रोज ठरवायचे.

एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला. "किती गुणी गं तू. माझ्या पोरीनं तुझं बघून तरी काही शिकायला हवं होतं."

"काका, थोडं पाणी घेता?" मी म्हणाले.