कडक भाकरीपुरते दात

वरचे दात हलायला लागले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. हिरड्यांतून पू यायचा, सकाळी चूळ भरली की पाणी लाल. त्यात लग्नाआधीपासूनची मिशरीची सवय. दातांच्या डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात घालून सगळीकडे फिरवला आणि म्हणाले, "खालचे वाचतील. वरचे सगळे काढावे लागतील. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू."

"कधी भरतील?"

"तीन महिने धरा."

गणपती नुकतेच गेले होते. तीन महिने म्हणजे संक्रांतीच्या चांगलं आधी. मी म्हटलं, "काढा."

संक्रांतीचा विचार केला, कारण तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, आणि मी कडक भाकऱ्यांचा धंदा करत होते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्याभोवती उभी करून तिच्यातलं पाणी पार घालवायचं. अशी भाकरी महिनाभर टिकते. नव्या पेठेतला एक दुकानदार सहा वर्षं माझा माल घेत होता. यात्रेत तो गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, स्वतंत्र दुकान लावायचा. खेड्यांवरून आलेली माणसं शेंगाचटणीबरोबर भाकऱ्यांची चवडच्या चवड बांधून न्यायची. माझं वर्ष त्या पंधरा दिवसांवर उभं असायचं.

भाकरी झाली की नाही हे मी दातांनी ठरवत असे. प्रत्येक घाण्यातली पहिली भाकरी घ्यायची, कडेला चावा घ्यायचा. ती तुटली पाहिजे, ओढली गेली नाही पाहिजे. एवढीच परीक्षा, पण ती दुसऱ्या कशाने होत नाही.

दात गेल्यावर हे काम नवऱ्याकडे आलं. ते गिरणीत होते, दुपारपाळीला जायचे, म्हणून सकाळी घरीच असायचे. मी भाकरी पुढे करायची, ते चावायचे आणि म्हणायचे, "चांगली हाय की."

"तुटती का ओढती?"

"चांगली हाय म्हनलं की."

या माणसाने जन्मात कधी जेवणाला नाव ठेवलं नाही. नवऱ्याच्या अंगी हा गुण मोठाच, पण पारख करायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दिवाळीनंतर दुकानदाराने एक चवड परत केली.

"अक्का, चामट झाली ही. गिऱ्हाईक म्हनतंय, कडक म्हनून दिली आन् चघळायला लावली."

"हवेत ओल असंल."

"आत्ता कुटली ओल? माझं ऐका. वळसंगची एक बाई येऊन गेली हितं. माल बरा हाय तिचा. यात्रेच्या आठ दिस आधी तुमी नमुना आना, ती पन आनंल. ज्याचा बरोबर, त्याची यात्रा."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

म्हणून कवळीची मी जितकी वाट पाहिली तितकी मुलाच्या मॅट्रिकच्या निकालाचीही पाहिली नव्हती. डॉक्टरांनी तपकिरी वड्या गरम पाण्यात टाकून मऊ केल्या, तोंडात दाबून माप घेतलं. पुढच्या खेपेला मेणात बसवलेले दात तोंडात घालून आरसा दिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला माझा वरचा ओठ जागेवर दिसला. मी तिथल्या तिथे उठून उभी राहिले. रंग कोणता हवा विचारलं तर म्हटलं, खालच्यांशी जुळेल असा, जरा पिवळट. नवरा म्हणाला होता, "करायलीसच तर पांढरेशुभ्र कर की." पण वरती संगमरवर आणि खाली शहाबादी, हे मला नको होतं.

कवळी तयार झाली तो दिवस मला पक्का आठवतो. डॉक्टरांनी ती घालून दाखवली, काढायची कशी ते शिकवलं, आणि काढल्यावर पाण्यात ठेवा म्हणाले. मी हातरुमालात गुंडाळून घरी आणली. रिक्षा न करता चालत आले, कारण पाय थांबत नव्हते.

आणि घरी येऊन मी ती उकळली.

याला कारण होतं. दवाखान्यात पांढऱ्या ट्रेमध्ये माझ्या कवळीशेजारी आणखी तिघांच्या कवळ्या पडलेल्या मी पाहिल्या होत्या. आमच्या घरी आधी अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, मगच चूल पेटते. त्या ट्रेमधली वस्तू तशीच तोंडात ठेवून भाकरीला हात लावायचा, हे मला पटेना. दुधाचं फडकं, चहाची गाळणी, लोणच्याची बरणी, जे निर्मळ पाहिजे ते उकळत्या पाण्यातून काढायचं, ही माझी आयुष्यभराची रीत. डॉक्टरांनी पाणी म्हटलं होतं, कसलं ते म्हटलं नव्हतं. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या वड्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, तरी डोक्यात काही शिरलं नाही.

बाहेर काढली तेव्हा ती तळलेल्या पापडासारखी एका बाजूने वळली होती. तोंडात घातली तर डावीकडे टेकायची आणि उजवीकडे लोंबायची.

नवऱ्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "उकडलीस व्हय? वांगं हाय का ते, भरीत करायला?"

दुसऱ्या दिवशी वाकडी कवळी आणि दोन भाकऱ्या पिशवीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कवळी उजेडात धरली. "हिला काय झालं?"

"उकळली."

"किती वेळ?"

"भात होईस्तोवर."

ते आतल्या खोलीत हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा सरळ होता. "बाई, ही गेली. नवीन माप घ्यावं लागेल. पंधरा दिवस लागतील."

"माझ्याकडे दहा आहेत."

"एवढी घाई कशाला? आणि कडक भाकरी तुम्हाला तशीही चालणार नाही."

"मला पोटभर खायची नाही. तोडून बघायची आहे." मी पिशवीतली एक भाकरी काढून पुढे केली. डॉक्टर कोकणातले, भात खाणारे. त्यांनी ती आधी बोटाने वाजवली, मग कडेला चावा घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले. बाकावर गाल सुजलेली चार माणसं बसली होती. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"सुरुवातीला तुटते," ते म्हणाले, "मग मध्ये ओढते. कड झाली आहे, पोट झालेलं नाही."

तीन महिन्यांत कुणी मला एवढं नेमकं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "दुसरी बघा." त्यांनी ती बघितली. तीही तशीच.

"तर मग असं करू," डॉक्टर म्हणाले. "मी माप आजच घेतो. कवळी नऊ दिवसांत देतो. तोवर रोज एक भाकरी आणा, मी सांगत जाईन."

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसले तेव्हा मी भाकरीकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात पूर्वीपेक्षा लवकर पुढे जात होता. भाकरीचा रंग बदलला की लगेच उचलत होता, आणि थापतानाही बोटं जरा जाडच ठेवत होती. तीन महिने मी दुधात कुस्करलेली भाकरी खात होते, आणि माझा हात माझ्याच बोळक्याला झेपेल अशी भाकरी करत होता. ज्वारीचा दोष नव्हता, हवेचा नव्हता. राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला की मी पीठ मळता मळता हसले. दोष हातात असेल तर तो काढता येतो.

त्या दिवशी मी भाकऱ्या निखाऱ्याभोवती दुप्पट वेळ ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, "आता करपट लागते, पण तुटते." तिसऱ्या दिवशी निखारे लांब ओढले. "बरी." पाचव्या दिवशी पातळ थापल्या. त्यांनी अख्खी भाकरी संपवली आणि मग विचारलं, "काय सांगायचं होतं?" बाकावरच्या एका म्हातारबांनी मलाच विचारलं, "बाई, हे औषध कशावरचं?"

नवव्या दिवशी कवळी आली. तोंडात बसली, टाळूला चिकटली. डॉक्टर म्हणाले, "गार पाणी." मी मान हलवली. ते पुन्हा म्हणाले, "गार."

मी पिशवीतून भाकरी काढली आणि जुन्या सवयीने पुढच्या दातांनी चावा घेतला. भाकरी तोंडातून बाहेर आली, आणि तिच्याबरोबर कवळीही.

"पुढून नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हाताने तुकडा मोडा. दाढेखाली ठेवा. दोन्हीकडे एकेक."

तसं केलं. दाबलं. कट्कन आवाज झाला आणि तो कानात न येता थेट डोक्यात वाजला, टाळूवरून, कवटीत. स्वतःचे दात असताना एवढा मोठा कधी ऐकू आला नव्हता. मी आणखी दोन तुकडे ठेवले. पुन्हा तोच आवाज. कुठेही ओढ नाही. डॉक्टर काहीतरी सांगत होते, मला ते ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नमुना घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने भाकरीला हात घातला तसं मी म्हटलं, "थांबा, आधी मी." तुकडे मोडून दोन्ही दाढांखाली ठेवले आणि त्याच्यासमोर चावले.

"अक्का, दात आले की."

"आले. तुमी बघा आता."

त्याने चावली. दुसरी घेतली, तिसरीही. शेजारीच वळसंगच्या बाईची चवड होती. मी न विचारता तिचाही तुकडा मोडून दाढेखाली ठेवला. माल चांगला होता. ते मी दुकानदाराला सांगितलं नाही.

त्याने हात झटकले. "वळसंगच्या भाकरीला जरा मीठ कमी पडतंय. यात्रा तुमची."

"ज्वारी आजच दळायला टाकते," म्हटलं आणि निघाले. आज त्या कवळीला पाचवं वर्ष चालू आहे. गार पाण्यात.