इंदूआजींचा झाकणाचा डबा

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं, त्याबद्दल आधीच माफी मागते. वाचणारी बहुतेक मीच असेन, तरी मागते. इंदूआजी असत्या तर चष्मा पुसत म्हणाल्या असत्या, "सुमन, माफी नको मागूस. पुन्हा लिही."

त्यांना जाऊन दीड महिना झाला. सकाळी चहा घेऊन गेले तर त्या कुशीवर, हात गालाखाली. दोनदा हाक मारली... तिसरी मारली नाही. उशाशी स्टीलचा झाकणाचा डबा होता, त्यात पाण्यात त्यांची कवळी.

मी या वृद्धाश्रमात कामाला लागले तेव्हा तो डबा नव्हता. इंदूआजी सगळा जन्म सदाशिव पेठेत काढलेल्या, जिभेला धार. पण ताट मात्र तसंच परत पाठवायच्या. मऊ भात नि पातळ वरण, त्याचेही चार घास. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं होतं. सगळे म्हणायचे, वय झालं. मला दिसायचं ते एवढंच की चूळ भरताना त्या डोळे गच्च मिटतात. कवळी त्या झोपतानाही काढत नसत. खोलीत आणखी दोघी होत्या ना. मी एकदा घाबरत म्हटलं, रात्री काढून ठेवा, मी धुऊन देते. तर म्हणाल्या, "चारचौघांत दात काढून बसू? मग लुगडंही सोडते की!"

मी मुळात लाजाळू. वाशीमकडून आले तेव्हापासून तोंडावर पदर धरूनच बोलायचे, कारण लहानपणापासून तंबाखूची मिश्री लावून दात काळे झालेले. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी पदर खाली केला. "आजी, माझे बघा."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "अगं, हे दात आहेत की चुलीतले कोळसे?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या आजी जाग्या होऊन विचारू लागल्या, कोण आलंय. "आणि मी उगाच लाजतेय," इंदूआजी म्हणाल्या. "माझे निदान काढून तरी ठेवता येतात." मग ठरलं. त्यांनी रात्री कवळी काढायची, मी मिश्री सोडायची. त्यांची वर एक अट, "शेखरला माझं बोळकं दिसता कामा नये. मेले तरी." शेखरभाऊ म्हणजे त्यांचा मुलगा, खराडीला कंपनीत.

रिक्षाने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कवळीखाली हिरड्यांना जखमा झाल्या होत्या. बाईंनी टोचणारी कड घासून दिली, रात्री कवळी पाण्यात ठेवा आणि हिरड्या ओल्या मऊ कापडाने पुसा, असं सांगितलं. "हे आधी सांगायचंत," आजी म्हणाल्या. "आधी यायचंत," बाई म्हणाल्या. परतताना आजी खूश. "मुलगी पेठेतलीच असणार."

त्या दिवाळीत जेवणघरात त्यांनी चकली मोडली, ती कडकन वाजली. सगळ्यांनी माना वळवल्या. "काय बघताय? चकली आहे, बॉम्ब नाही." माझी तपासणी मात्र रोज सकाळी व्हायची. "आ कर." एकदा मोह झालाच, तर लगेच, "काल चुलीत जाऊन आलीस वाटतं?"

त्या सकाळी आमच्या व्यवस्थापक बाईंनी शेखरभाऊंना फोन केला. ते तासाभरात पोचणार होते. मी डबा उघडला. बाई म्हणाल्या, "राहू दे गं सुमन, आता कशाला?" मी कधी कुणाला उलटून बोलत नाही. तेव्हा बोलले, "बाई, त्यांना लाज वाटेल."

बाई उशाशी आल्या. मग त्यांनीच आजींची हनुवटी धरली. मी कवळी धुतली, हळूच बसवली, हनुवटीखालून मऊ फडकं बांधलं. गाल पुन्हा भरले. शेखरभाऊ आले, पायाशी उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "आता म्हणेल, उशीर केलास."

सामान आवरताना त्यांनी विचारलं, "हा डबा कसला?" मी म्हटलं, "असाच, रात्रीचा." त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

आता त्यात माझा ब्रश असतो. डाग सगळे गेले नाहीत, पण हसताना पदराकडे गेलेला हात अर्ध्यातून परत येतो. सकाळी डबा घेऊन आरशापुढे उभी राहते आणि स्वतःलाच दटावते, "आ कर."