आठाचे पंधरा

सासूबाईंचा थायरॉइड फारच वाढला, तेव्हा पुण्याला नेऊन किरणोत्सारी आयोडीनची गोळी द्यावी लागली. डॉक्टरांनी मला बजावलं, “आठ दिवस लहान मुलापासून लांब ठेवा.” नवऱ्याची लोणी देवकरच्या कंपनीत पाळी होती, म्हणून सोबत मी एकटीच. परत येताना बारामती जवळ आल्यावर गाडीच्या मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं, “किती दिस गं लांब ऱ्हायचं?”

“पंधरा, आत्या.”

चुकून निघालं म्हणू? छे, मुद्दामच बोलले. लग्न झाल्यापासून दर महिन्याला चार दिवस या बाईनं मला गोठ्याशेजारच्या खोलीत बसवलं होतं. बी.एस्सी. झालेली मी! ताट वेगळं, तांब्या वेगळा. पाचव्या दिवशी न्हाऊन उंबऱ्याशी उभं राहायचं आणि विचारायचं, “आत्या, शिवू का आता?” म्हटलं, बसा आता तुम्हीही तिथंच.

आणि त्या बसल्या. हूं नाही की चूं नाही. माझ्या वर्षाच्या लेकाला पांगुळगाडा धरून चालायला शिकवत होत्या त्याच. आता दारातून नुसतं “माझा राजा” म्हणायच्या, आणि तो रांगत त्यांच्याकडं निघाला की स्वतःच दार लोटून घ्यायच्या.

अकराव्या दिवशी तो स्वयंपाकघरात गाडा सोडून तीन पावलं चालला. आठ दिवस केव्हाच संपले होते. आत्यांना आत बोलवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलावलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. लाज वाटली, पण भीती जास्त वाटली.

सोळाव्या दिवशी आत्या न्हाऊन उंबऱ्याशी आल्या. ओले केस, हातात स्वतःच घासलेलं ताट. “शिवू का गं आता?”

मी लेकाला खाली उभं केलं, तर तो डुलत डुलत थेट त्यांच्याकडंच निघाला.

“अगं बया! चालाय लागला की! आजच का गं?”

“व्हय आत्या, आजच.”

त्यांनी लगेच इंदापूरच्या बहिणीला फोन लावला. “पयलं पाऊल माझ्याकडं टाकलं बघ त्यानं!” अजूनही घरी येईल त्याला त्या हेच सांगतात, आणि मी चहा टाकायला आत जाते.